क्लीनर साइड

मास्तरांना पट्टीशिवाय सरळ रेघ मारता येते. फळ्याच्या या टोकाला खडू टेकवायचा, श्वास रोखायचा आणि थेट त्या टोकाला नेऊन सोडायचा. पोरं मागून पट्टी लावून बघतात आणि गप्प बसतात. शाळेत गणिताचे शिक्षक चित्रकलेच्या शिक्षकाला जेमतेम माणसांत जमा धरतात, पण या रेघेपुढे तेही मान डोलावतात. अशा माणसाची गाडी रस्त्यावरून नागमोडी चालावी, यातला विनोद मास्तर सोडून बाकी सगळ्यांना कळला होता.

गाडी जुनी होती. किती जुनी, हा प्रश्न मास्तर वैयक्तिक समजत. तिचं स्टिअरिंग फिरवलं की त्याची खबर चाकांपर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि मधल्या वेळात गाडी आपल्या मनाने डावीकडे झुकायची. मास्तरांनी त्यावर आपली पद्धत बसवली होती. सरळ जायचं असेल तर उजवीकडे ओढून धरायचं. उजवीकडे वळायचं असेल तर आधीच्या चौकापासूनच सुरुवात करायची. आणि डावीकडे वळायचं असेल तर काहीच करायचं नाही. ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आपण काही वेगळं करतोय हेच ते विसरून गेले होते.

हे असंच चालत राहिलं असतं, पण सासऱ्यांचा गुडघा गेला.

सासरे म्हणजे साधी असामी नव्हे. सगळी नोकरी त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवण्यात घालवली. सासूबाई गेल्यावर ते दुसऱ्या गावी एकटेच राहत होते. आता एकट्याने रोजचं उरकणं जमेना. दोन मुली, दोन्हीकडून बोलावणं. थोरल्या मुलीचा नवरा, म्हणजे मास्तरांचा साडू, त्याच्याकडे लिफ्ट होती, थंडगार नवी गाडी होती आणि फोनवर बोलताना हळूच हसायची सवय होती. पण म्हाताऱ्याने धाकटीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, सांगितलं, "मला तुझ्याकडेच यायचंय पोरी. थोरलीकडे गालिचे आहेत, चपला कुठे काढायच्या ते मला कळत नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सासऱ्यांनी अट घातली. जावईबापूंच्या गाडीचं स्टिअरिंग नीट झालं तरच ते तिच्यात बसणार. रविवारपर्यंत झालं नाही तर सोमवारी साडूची गाडी येणार. पूर्वी एकदा ते मास्तरांच्या गाडीत बसले होते. सगळा रस्ता त्यांनी डोळे मिटून काढला आणि उतरल्यावर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले होते, "याच्याबरोबर संसार कर पोरी. प्रवास करू नकोस." बरं, बसने आणावं तर दुसरा चालवतोय त्या बसमध्ये प्रवासी होऊन बसणं त्यांना जमत नसे. मागच्या खेपेला त्यांनी आपल्या जागेवरून ओरडून ड्रायव्हरला गिअर बदलायला लावला होता, आणि कंडक्टरने त्यांना वाटेतच उतरवून दिलं होतं.

बायकोने त्याच संध्याकाळी बाबांसाठी खोली रिकामी केली. म्हणजे मास्तरांची चित्रं काढायची खोली रिकामी केली. कॅनव्हास माळ्यावर गेले, रंग गच्चीवर गेले, आणि मास्तर वस्तादाकडे गेले.

जाता जाता इमारतीतल्या मंडळींनी आपापला सल्ला दिलाच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "विका." कशालाही ते हेच म्हणतात, त्यांनी स्वतः आजवर काहीही विकलेलं नाही. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "हलतंय ना? मग काढून टाका. दुखायला लागेपर्यंत थांबू नका." तळमजल्यावरच्या काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हिला कुणाची तरी नजर लागली असावी असं मत दिलं. या गाडीकडे हौसेने कोण बघणार, हा विचार मनात येऊन मास्तर आणखीच खट्टू झाले.

वस्तादाचं गॅरेज म्हणजे एक झाड आणि त्याखालची ऑइल पडून काळी झालेली जमीन. त्याच्याकडे गाडी नेली की तो प्रथम सुस्कारा टाकत असे. मग बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ गप्प. या गप्प बसण्याचेच तो पैसे घेतो असं मास्तरांचं मत होतं. पण या वेळी तो स्वतः घरी आला, कारण झाडाखाली आधीच एक टेम्पो पोट उघडून पडला होता. इमारतीच्या आवारात तो गाडीखाली सरपटला आणि आतून ओरडला, "सर, स्टिअरिंग हलवा!"

मास्तरांनी हलवलं.

"हलवा की!"

"हलवतोय!"

"अहो, डावीउजवीकडे हलवा!"

"डावीउजवीकडेच हलवतोय!"

वस्ताद बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर एक दुःखी समाधान होतं. "तुम्ही तिकडे हलवताय आणि इकडे काहीच पोचत नाहीये. याला प्ले म्हणतात, सर. खूप प्ले आहे. कशी चालवता तुम्ही?"

बायको चहा घेऊन खाली आली होती. तिने विचारलं, "कुठल्या बाजूला आहे?"

"ड्रायव्हर साइड ठणठणीत आहे वहिनी. क्लीनर साइड पार गेलीय. चाकाला जाणारी दांडी असते ना, टायरॉड, तिच्या टोकाचा सांधा खिळखिळा झालाय. सगळा त्रास त्या बाजूचा."

"म्हणजे मी बसते ती बाजू."

"हां, तीच."

बायकोने कप त्याच्या हातात दिला आणि ती वर निघून गेली. मास्तरांना वाटलं, गॅसवर काहीतरी असेल.

गॅसवर काहीही नव्हतं. संध्याकाळी ती म्हणाली, "क्लीनर म्हणजे काय माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे की. ड्रायव्हरच्या शेजारी बसतो तो. काच पुसतो."

"काच पुसतो, मागचं बघतो, गाडी मागे घेताना उतरून पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे चल. बाबांच्या मांडीवर बसून शिकलेय मी हे. रिकामी बस आगारात लावायची असली की बाबा स्टिअरिंग माझ्या हातात द्यायचे. ड्रायव्हरची मुलगी म्हणून मी या घरात आले आणि इतकी वर्षं क्लीनर साइडला बसून तुमची काच पुसतेय. 'डावीकडून काही नाही', 'येऊ द्या, येऊ द्या', हे सगळं मीच म्हणते ना?"

"मग काय, आता तू चालवणार का?" असं म्हणून मास्तर हसले. ते एकटेच हसत आहेत हे त्यांच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना बायको मागच्या सीटवर बसली. पर्स मांडीवर, नजर खिडकीबाहेर. मास्तर पुढे एकटे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांना, "मालकीणबाईंना कुठे नेताय?" असं विचारलं, आणि मास्तरांनी उत्तर द्यायच्या आत मालकीणबाईंनीच, "भाजी मंडईत," असं सांगून टाकलं.

रजा काढणं भाग होतं. मास्तरांनी अर्ज लिहिला, आणि हेडमास्तरांना नेमकं कळावं म्हणून त्यात कारणही नेमकं लिहिलं: स्टिअरिंगमध्ये प्ले असल्यामुळे हजर राहू शकत नाही. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. ते अत्यंत प्रसन्न होते.

"तुम्ही नाटकात काम करता हे कधी बोलला नाहीत!"

"नाही सर, प्ले गाडीत आहे."

"गाडीत? प्रायोगिक दिसतंय. आणि 'स्टिअरिंग' हे नाव तर फारच सूचक आहे हो! मास्तर, यंदा शाळेचं नाटक तुम्हीच बसवायचं."

मास्तरांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण हेडमास्तर खुलाशांना विनय समजतात. रजा मिळाली, आणि तिच्याबरोबर नाटकही गळ्यात पडलं.

वस्तादाने आवारातच गाडी जॅकवर चढवली, खाली विटा रचल्या, चाकं काढली आणि तो जुना सांधा हातोडीने ठोकून ठोकून बाहेर काढला. सगळी इमारत गॅलरीत उभी राहून बघत होती. सांधा खरोखरच दातासारखा हलत होता. डॉक्टरांनी वरूनच, "मी म्हटलं नव्हतं?" असा आवाज दिला. वस्तादाने तो मास्तरांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "असा आणा. बाजू नीट सांगा, सर. दोन्ही बाजूंचे आटे वेगळे असतात. एकीकडचा सुलटा पिळतो, दुसरीकडचा उलटा."

सुट्या भागांच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने सांधा उलटसुलट करून बघितला. "ड्रायव्हर साइड का क्लीनर साइड?"

एरवी मास्तरांनी सरळ सांगितलं असतं. पण त्या संध्याकाळपासून तो शब्द त्यांना नकोसा झाला होता. ते म्हणाले, "बायकोच्या बाजूचा."

"बायको कुठे बसते?"

मास्तर खोटं बोलत नाहीत. "सध्या मागे."

"मागच्या चाकांना टायरॉड नसतो, साहेब."

मागे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मास्तरांचे कान गरम झाले. त्यांनी तोंडाने बोलायचा नाद सोडला आणि हात लांब करून, "या बाजूचा," असं दाखवलं. दुकानदार त्यांच्या समोर तोंड करून उभा होता. त्याने आपल्याला जी बाजू दिसली त्या बाजूचा दिला. आरशातली प्रतिमा उलटी असते हा धडा मास्तर दरवर्षी शिकवतात.

वस्तादाने सांधा दांडीला लावला आणि पिळायला घेतला. तो आत जाण्याऐवजी बाहेरच येऊ लागला. वस्तादाने सुस्कारा टाकला. "उलटा आटा आणलात."

"म्हणजे?"

"म्हणजे ड्रायव्हर साइडचा. चांगली आहे ती साइड."

मास्तर धावत दुकानात परत गेले. दुकानाला कुलूप होतं आणि दारावर पाटी होती: मालाची मोजदाद चालू आहे, काही दिवस दुकान बंद. काही म्हणजे किती, हे लिहायची दुकानदाराला गरज वाटली नव्हती. पाटीतली अक्षरं मात्र वाकडी होती, आणि त्या अवस्थेतही ते मास्तरांच्या डोळ्यांत खुपलं.

गाडी विटांवर, शुक्रवार उजाडलेला. सकाळी पाण्याचा टँकर आला आणि फाटकाशीच थांबला. टाकीकडे जायच्या वाटेवर गाडी उभी होती. सोसायटीचे सेक्रेटरी पायजम्यावर खाली आले.

"मास्तर, ही गाडी नाही. गाडीला चाकं असतात. विटांवर जे उभं असतं त्याला बांधकाम म्हणतात. बांधकामाला सोसायटीची परवानगी लागते."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे हो."

"मग तात्पुरतं बांधकाम. त्याचा अर्ज वेगळा."

तोवर प्रत्येक मजल्यावरून माणसं बादल्या घेऊन उतरली होती. निवृत्त मॅनेजर केसांना साबण लागलेल्या अवस्थेत, "विका म्हणालो होतो," असं म्हणत होते. शेवटी वस्तादाने चाकं परत चढवली आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलायचं ठरलं. पण दांडी सुटलेली असल्यामुळे एक चाक शाळेकडे बघत होतं आणि दुसरं बाजाराकडे. गाडी दोन्हीकडे जाऊ बघे आणि कुठेच जात नसे. मग ती अक्षरशः उचलून सरकवावी लागली. "जोर लावा!" असं डॉक्टर ओरडले, सेक्रेटरींच्या पायजम्याची नाडी तुटली, आणि समोरचा मडगार्ड भिंतीला घासून चेपला. पाणी आलं. सगळे मास्तरांकडे पाठ करून बादल्या उचलून वर गेले. तोंड धुताना सगळ्यांनी त्यांची आठवण काढली असणार, एवढं नक्की.

दुपारी साडूचा फोन आला. "संकोच करू नका हो. माझी गाडी उभीच असते." आणि ते हळूच हसणं. मास्तरांनी, "काम होत आलंय," असं म्हणून फोन ठेवला. आतल्या खोलीत बायको बाबांच्या पलंगावर नवी चादर घालत होती. चादरीची एकच सुरकुती ती पुन्हा पुन्हा हाताने सरळ करत राहिली. गाडी, साडू, अब्रू, सगळं मरू दे. ही चादर रिकामी राहता कामा नये, असं मास्तरांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

ते उठले, दुकानदाराच्या घराचा पत्ता काढला आणि त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. दुकानदार पुढे काही विचारणार इतक्यात मास्तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "क्लीनर साइड! माझी बायको क्लीनर साइडला बसते!" दुकानदार घाबरला. माणूस घरगुती कारणाने बिथरलाय असं समजून त्याने निमूटपणे दुकान उघडून सांधा दिला.

शनिवारी सांधा बसला. अगदी सुलटा, शेवटच्या आट्यापर्यंत. आता चाकं एका रेषेत आणायची होती. वस्तादाने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "झालं."

"नाही झालं," मास्तर म्हणाले. "रेघ पुढे उघडतेय."

"सर, माझं आयुष्य गेलं यात."

"माझंही रेघेतच गेलं."

वस्तादाने कुरकुरत मोजून बघितलं. मास्तरांचं बरोबर होतं. मग मास्तर जमिनीवर पालथे पडून सांगत राहिले, "थोडं आत. जास्त झालं. आता बाहेर, केसभर," आणि वस्ताद पान्हा फिरवत राहिला. गॅलरीतून लोक बघत होते, पण या वेळी हसत नव्हते. वस्ताद गाडी रस्त्यावर फिरवून परत घेऊन आला आणि म्हणाला, "दोन्ही हात सोडले तरी सरळ जाते. तुमची नजर मशिनीपेक्षा भारी आहे." त्या संध्याकाळी मास्तर दोन मजले जिना चढून गेले, पण पायांना जिना लागला नाही.

रविवारी सकाळी बायकोने डबे भरले, फाटकाशी येऊन थोडा विचार केला आणि पुढच्या सीटवर बसली. मास्तरांना भरून आलं. सेक्रेटरी, डॉक्टर, काकू, सगळे निरोप द्यायला हजर होते. मास्तरांनी गिअर टाकला, गाडी सोडली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं.

गाडीने या वेळी ताबडतोब ऐकलं. ती उजवीकडे गेली आणि 'वाहने सावकाश चालवा' ही सोसायटीची पाटी खांबासकट आडवी केली. मास्तरांनी घाबरून डावीकडे मारलं. गाडीने तेही ऐकलं. काकूंच्या दोन कुंड्या गेल्या. रस्त्यावर आल्यावर तर ती इतकी नागमोडी चालली की पूर्वीची चाल तिच्यापुढे सरळ म्हणावी. मास्तर हातांना दटावत होते, पण हात ऐकत नव्हते. थोडं लक्ष ढळलं की ते आपोआप उजवीकडे ओढायचे. शेवटी मास्तरांनी गाडी कडेला थांबवली.

इंजिन बंद करून त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"गाडीचा प्ले गेला," मास्तर म्हणाले. "माझा राहिला गं. साडूला फोन लाव. मी सांगतो त्याला. गाडी पाठव म्हणतो."

बायकोने फोन लावला नाही. ती उतरली, पुढून वळसा घालून आली आणि तिने मास्तरांच्या बाजूचं दार उघडलं.

"सरका."

"तुला येते?"

"सरका म्हणते ना."

"अगं पण लायसन्स?"

"आहे. लग्नाआधीपासून. तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तर सरकले. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या गाडीच्या क्लीनर साइडला बसले. तिकडून जग वेगळंच दिसत होतं. मुख्य म्हणजे काच फार मळलेली होती. बायकोने सीट पुढे घेतली, आरसा आपल्याकडे वळवला आणि गाडी सोडली. गाडी सरळ गेली. मास्तर काही अंतर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. मग त्यांनी फडकं काढून काच पुसली. पुढच्या चौकात कुणीतरी, "डावीकडून काही नाही," असं म्हणालं. मास्तरांनी दचकून पाहिलं, तर ते स्वतःच होते.

सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पायाशी ट्रंक, हातात काठी. गल्लीच्या टोकाला गाडी दिसली तशी त्यांची मान वर झाली. ती सगळी गल्ली सरळ रेषेत पार करून दाराशी थांबेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग ते काठी टेकत उठले, वाकून ड्रायव्हरच्या खिडकीत बघितलं, आणि म्हातारा एकदम लहान मुलासारखा हसला.

"आता बरोबर झालं स्टिअरिंग," ते म्हणाले.

मास्तर उतरले, नमस्कार केला आणि ट्रंक मागे ठेवली. "स्टिअरिंग मीच लावून घेतलं. दोरीने. अगदी केसभरसुद्धा..." पण सासरे ऐकत नव्हते. ते वळसा घालून आले आणि पुढच्या सीटवर मुलीच्या शेजारी बसले.

"जावईबापू, गल्ली अरुंद आहे. जरा मागचं बघता का?"

मास्तर मागे गेले. "येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या. येऊ द्या." आपला आवाज इतका बायकोसारखा येतो हे त्यांना माहीत नव्हतं. गाडी भिंतीशी आली, आता थांबायला हवं होतं. मास्तरांनी घाईघाईने पत्र्यावर थाप मारली, आणि ऐकू गेली नसेल म्हणून आणखी एक मारली.

दोन थापा. ड्रायव्हरच्या मुलीने गिअर बदलला आणि गाडी निघाली.

मास्तर गल्लीत उभे राहिले. आपली गाडी मागून जाताना त्यांनी कधी बघितली नव्हती. ती सरळ चालली होती; इकडे नाही, तिकडे नाही, थेट त्या टोकापर्यंत. इतकी सुंदर रेघ त्यांनी जन्मात मारली नव्हती, आणि तिच्यात ते स्वतः नव्हते. त्यांना धड रडूही येईना.

मग टोकाला क्लीनर साइडच्या खिडकीतून एक म्हातारा हात बाहेर आला आणि त्याने दारावर थाप मारली. एकच. गाडी जागच्या जागी थांबली.

"जावईबापू!" सासऱ्यांचा बसमधला आवाज गल्लीभर घुमला. "उभे काय राहिलात? क्लीनरने पळत येऊन चढायचं असतं!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. मास्तरांनी सदरा नीट केला, मान ताठ केली आणि ते पळत सुटले, थोडे उजवीकडे ओढत.